आधी आठवडा मांडा, मग वही घ्या

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न

सत्र सुरू झालं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वह्या, डायऱ्या आणि वेळापत्रकं यांचीच चौकशी असते. यंदा त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रावर मी बरीच रेंगाळले आहे, कारण बाहेरगावाहून रोज ये-जा करणाऱ्या मुला-मुलींचा विचार करून कोणी प्लॅनर छापत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उमरेडला राहते आणि रोज एसटीने नागपूरला कॉलेजला येते. बी.एस्सी. दुसरं वर्ष; केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. जानेवारीत मामांनी एक जाड डायरी दिली होती, एका पानाला एक तारीख. मार्चपर्यंत लिहिली, मग परीक्षा आली आणि जी सुटली ती सुटलीच. आता वर्गातल्या मुली ऑनलाइन मागवलेले सुंदर प्लॅनर घेऊन येऊन राहिल्या, सातशे-आठशे रुपयांचे. मोबाइलमध्ये करून पाहिलं, पण बसमध्ये मोबाइल हातात घेतला की भलतंच सुरू होते. मी कोणता प्लॅनर घेऊ? आणि घेतल्यावर त्यात लिहायचं काय? माझी पावणेआठची बस असते. कॉलेज साडेनऊ ते साडेतीन, सोमवारी-बुधवारी प्रॅक्टिकलमुळे साडेचार. घरी पोचायला साडेपाच-साडेसहा होतात. मग धाकट्या भावाचा अभ्यास आणि आईला स्वयंपाकात मदत.
– एक विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर : सगळ्यात कामाचं तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. तिथूनच सुरू करू.

दुकानात जाण्याआधी एक पाठकोरा कागद घे, त्यावर सात रकाने पाड आणि ज्या वेळा तुझ्या हातात नाहीत त्या पेन्सिलने काळ्या करून टाक. बस, तास, प्रॅक्टिकल, भावाचा अभ्यास, पोळ्या, जेवण. जे पांढरं उरेल तेवढा वेळ तुझा. तुझ्या पत्रावरून मी तो कागद करून पाहिला. सोमवार ते शुक्रवार रात्री साडेआठ ते दहा, शनिवारी दुपारनंतर तीन तास, रविवारी सकाळचे चार. आठवड्याचे साडेचौदा तास झाले. यात बसमधला वेळ मी धरलेला नाही. तो वाचायला आहे, लिहायला नाही. धावत्या एसटीत लिहिलेलं नंतर आपलं आपल्यालाच लागत नाही.

आता मामांची डायरी का सुटली ते बघ. रोजचा दीड तास हाती असताना समोर अख्खं पान आलं की ते रिकामंच राहणार, आणि रिकामी पानं साचली की वही उघडायचीच नको वाटते. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. एका पानाला एक तारीख असली की आठवडा दिसत नाही. पुढच्या गुरुवारचं सबमिशन आजच्या पानापासून कितीतरी पानं पुढे असतं, म्हणजे ते समोर येतं तेव्हा गुरुवार उजाडलेला असतो. शिवाय ती डायरी जानेवारी ते डिसेंबर चालते आणि आपलं कॉलेज पावसाळ्यात सुरू होतं. अशी डायरी हिशेबाला, दवाखान्याला, दुकानाला उत्तम. तुला हवा आठवडी प्लॅनर, समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा, आणि शक्यतो तारखा न छापलेला. तारीख आपण घालायची असली की परीक्षेच्या धामधुमीत दोन आठवडे चुकले तरी पान वाया जात नाही. परत सुरू करशील त्या सोमवारची तारीख टाकायची आणि पुढे जायचं.

आकार ए-५ घे, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, नेहमीच्या झेरॉक्सच्या ए-४ कागदाच्या बरोबर अर्धा. त्याहून लहान ए-६ खिशात मावतो, पण आठवड्याचे सात दिवस त्यात कोंबले की अक्षर मुंगीएवढं काढावं लागतं. मोठा बी-५ टेबलावर शोभतो. तुझ्या सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली, अ‍ॅप्रन आणि प्रॅक्टिकल रेकॉर्ड असणार. त्यात तो घरीच राहू लागेल, आणि घरी राहिलेला प्लॅनर कामाचा नाही.

बांधणीबद्दल मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे. माझे वडील नागपुरातल्या महाल भागात बाइंडिंगचं काम करायचे. रजिस्टरं आणि खतावण्या शिवताना मी त्यांना लहानपणापासून पाहिलं आहे. वही हातात घेतली की ते मुखपृष्ठाकडे बघतसुद्धा नसत. मधोमध उघडायचे, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबायचे आणि पाठीच्या कण्याकडे कान न्यायचे. कडकड आवाज आला तर ती नुसत्या गोंदाने चिकटवलेली. रोज सपाट उघडायची असेल तर अशा वहीचा गोंद तडकतो आणि पानं एकेक करून हातात येतात. मग पानं सावकाश उलटत फर्म्याचा मध्य शोधायचा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा जिथे दुमडतो ती जागा. तिथे दोऱ्याचे टाके दिसले तर वही शिवलेली आहे, ती वर्षभर टिकते आणि टेबलावर आपोआप सपाट राहते. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेन रोडवर घे की महालात घे, ही परीक्षा दुकानदारासमोर कर. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. स्पायरलची वही पूर्ण मागे दुमडता येते, हा तिचा खरा फायदा आहे. मांडीवर ठेवून लिहिणाऱ्याला तो मोलाचाही वाटतो. पण भरलेल्या सॅकमध्ये तार चेपली की पानं अडकतात आणि फाटतात. रोज एसटीत चढणारीला मी शिवलेलीच सांगेन.

कागद ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असला की बहुतेक पेनं मागे उमटत नाहीत. आपलं नेहमीचं पेन बरोबर ने आणि नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून पान उलटून बघ. आणि एक, जुलै-ऑगस्टमध्ये बसच्या खिडकीतून पाणी येतं. बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्याने पसरते, साध्या बॉलपेनाची सहसा नाही. ठरलेल्या गोष्टी बॉलपेनने लिही, बदलू शकणाऱ्या पेन्सिलने.

सातशे-आठशे रुपयांची गरज आहे का? नाही. महिन्याची दोन पानं आणि आठवड्याची दोन असा हिशेब केला तर सहा महिन्यांच्या सत्राला १२ आणि ५२ मिळून ६४ पानं होतात. शिवलेली शंभर पानी वही, पट्टी आणि एक दुपार एवढ्यात हे काम होतं, आणि उरलेली पानं मागे सुटी टिपणं लिहायला राहतात. डाव्या पानावर सात आडवे कप्पे आख. तुझ्या बाबतीत शनिवार-रविवार मोठे आणि सोमवार-बुधवार छोटे, कारण प्रॅक्टिकलच्या दिवशी तू थकून येणार. छापील प्लॅनरमध्ये हे करता येत नाही; त्यात सातही दिवस सारखे असतात, किंवा शनिवार-रविवार मिळून एकच लहानसा कप्पा असतो. तुझा निम्मा अभ्यास त्या दोन दिवसांत आहे. उजवं पान कोरं ठेव. आठवड्यात करायची, पण दिवस न ठरलेली कामं तिथे लिहायची.

आता लिहायचं काय. आधी महिन्याची पानं भर. विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक समोर घे. इंटर्नल परीक्षा, प्रॅक्टिकल परीक्षा, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, विलंब शुल्क कधीपासून, बसचा पास कधी संपतो, स्कॉलरशिपचा अर्ज. मग आपल्या नागपूरचे दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि काळी-पिवळी मारबत असते, इतवारी-महालात गर्दी उसळते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि आजूबाजूचे रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांच्या आसपास लायब्ररीचं, झेरॉक्सचं, बर्डीतल्या खरेदीचं काम लावू नको. पाळीच्या तारखांनाही कोपऱ्यात एक बारीक टिंब कर. पहिल्या दिवशी तीन तास उभं राहून प्रॅक्टिकल करायचं आणि घरी येऊन जड प्रकरण वाचायचं, असं स्वतःवर लादायचं काही कारण नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सबमिशन उलटं मांडणं. तुझ्याच बॉटनीचं उदाहरण घेते, हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं. समज, ३० सप्टेंबरला शीट द्यायच्या आहेत. बहुतेक मुलं त्या तारखेला गोल करतात आणि थांबतात. पण वनस्पती काही तुझ्या तारखेकडे बघून वाळत नाही. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवायची, सुरुवातीचे दिवस रोज कागद बदलायचा. कोरड्या हवेत आठवड्याभरात काम होतं, पण ओल्या हवेत जास्त दिवस लागतात आणि एक-दोन दिवस कागद बदलायचा राहिला तर बुरशी धरते. मग ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या शीटवर चिकटवणं आणि लेबल. म्हणून तारखेपासून मागे यायचं. २५ सप्टेंबरला सगळं तयार. त्याआधीचा शनिवार-रविवार चिकटवायला. त्याआधीचे दोन आठवडे रोजच्या कप्प्यात फक्त ‘कागद बदल’, दहा मिनिटं. आणि त्याच्या आधीच्या, म्हणजे ऑगस्टअखेरच्या किंवा सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, पाऊस उघडलेला बघून सकाळी वनस्पती आणायच्या. पावसाळ्याच्या शेवटी उमरेडच्या बांधांवर फुलावर आलेली रोपं भरपूर मिळतील. आणल्या आणल्या त्या रविवारच्या कप्प्यात जागा, तारीख आणि फुलाचा ताजा रंग लिहून ठेव. लेबलवर संकलनाची जागा आणि तारीख लागते, आणि वाळल्यावर रंग ओळखू येत नाही.

यात पाच दिवस मी मुद्दाम मोकळे ठेवले. १९९४ साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला सुमारे ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ती मुलं आळशी नव्हती. काम कसं पार पडेल हे आपण डोळ्यांसमोर आणतो तेव्हा आजारपण, पाहुणे, बंद पडलेली बस त्या चित्रात नसतातच. म्हणून जितका वेळ लागेल वाटतो त्याच्या दीडपट लिहायचा.

रोजच्या कप्प्यात कामापुढे वेळ लिही. ‘केमिस्ट्री’ एवढंच लिहून काही होत नाही, ‘८.३० ते ९.१५, आजच्या तासातल्या रिअ‍ॅक्शन न बघता लिहिणे’ असं लिहिलं की बसायचं कधी आणि करायचं काय दोन्ही ठरतं. परतीच्या बसमध्ये त्याच दिवशीचे तास वाचून काढ. शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं आहे. शनिवारच्या कप्प्यात परत एकदा तेच, थोडक्यात.

आणि पुढचा आठवडा मांडायला रविवारची रात्र धरू नको. शनिवारी कॉलेजमधून निघायच्या आधी लायब्ररीत वीस मिनिटं बस. तेव्हा मॅडम जागेवर असतात, ऑफिस उघडं असतं, मैत्रिणी समोर असतात. फॉर्मची तारीख पुढे गेली का, कोणता तास रद्द झाला, हे तिथल्या तिथे विचारता येतं.

स्टिकर, रंगीत पेनं याबद्दल तू विचारलं नाहीस, पण वर्गातल्या प्लॅनरकडे तुझं लक्ष गेलंय म्हणून सांगते. आवड असेल तर महिन्याचं पान मनासारखं सजव, आनंदाने सजव. आठवड्याच्या पानावर खाडाखोड होऊ दे. जिथे खोडायला हात धजत नाही तिथे माणूस खरं लिहीत नाही.

मोबाइलला एकच काम दे, गजर लावायचं. वही वाजत नाही.

प्रश्न : ताई, मी हिंगणा रोडवर होस्टेलला राहतो, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष. प्लॅनर आहे, रोज लिहितोही. सकाळी दहा-बारा कामं लिहितो, तीन-चार होतात, बाकी दुसऱ्या दिवशी उतरवून घेतो. आता यादी उतरवण्यातच वेळ जाऊन राहिला. रात्री पडलो की सगळी उरलेली कामं डोक्यात फिरतात, झोप लागत नाही. काऊन होते असं?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुझ्या यादीतली पाच कामं तू पत्रात दिली आहेस, ती वर छापलेली नाहीत. त्यात ‘डीबीएमएस पूर्ण करणे’ (डेटाबेसचा अख्खा विषय) आहे आणि ‘आधारची झेरॉक्स’ पण आहे. एक महिनाभराचं, एक पाच मिनिटांचं, आणि दोघांना सारखीच ओळ. मग हात सोप्याकडेच जाणार. ‘डीबीएमएस पूर्ण करणे’ खोडून टाक आणि त्या जागी ‘नॉर्मलायझेशनची मागच्या पेपरातली दोन उदाहरणं, मेसच्या आधी’ असं लिही. दिवसाला अशी तीनच मोठी कामं. झेरॉक्स, रिचार्ज, कपडे धुणं हे सगळं उजव्या पानावर, जाता-येता उरकायला.

उतरवण्याचा नियम असा ठेव. एखादं काम तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली की तसंच्या तसं उतरवायचं नाही. एक तर त्याचा पहिला छोटा तुकडा लिही, किंवा त्याला पुढच्या महिन्यातली नक्की तारीख दे, किंवा ते करायचंच नाही असं ठरवून रेघ मार. रेघ मारणंही कामच आहे, त्याची लाज नको.

झोपेसाठी प्लॅनर लिहायची वेळ बदल, सकाळऐवजी रात्री. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे; ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढे करायची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं त्यांना आणखी लवकर. वहीत उतरलेलं डोक्याला धरून बसावं लागत नाही. लिहिल्यावर वही बंद करून टेबलावर ठेव, उशाशी नको.

डिसेंबरचं पान आत्ताच उघडून एक गोष्ट लिहून ठेव. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधान भवन, झिरो माइल, बर्डी या भागांत मोर्चे असतात आणि वाहतूक वळवतात, आणि हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला रेंगाळलेल्या असतात. पेपर त्या बाजूच्या केंद्रावर आला तर निघायची वेळ तास-पाऊण तास आधीची धर. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरहून बर्डीला येते. हिंगणा रोडवरून तुला ती सोयीची पडेल.

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. दर रविवारी प्लॅनर घेऊन बसते, कधी कधी दोन तास. अभ्यास कमी आणि वही रंगवणं जास्त, असं मला वाटतं. ती नसताना मी तो चाळून बघावा का? तिची आई नको म्हणते.
– एक वडील, कामठी

उत्तर : तिच्या आईचं ऐका. त्या वहीत फक्त तारखा नसतात. कोणाशी भांडण झालं, कशाची भीती वाटते, तब्येत कशी आहे, हेही मुली त्यातच खुणांनी लिहितात. तुम्ही एकदा चाळली हे तिला कळलं, आणि कळतंच, की ती त्यात खरं लिहिणं थांबवेल आणि तुमच्यासाठी दुसरीच एक वही भरू लागेल.

दोन तासांबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका. पहिलं सत्र आहे, बारावीपर्यंत शाळेने आणि शिकवणीने तिचा दिवस आखून दिला होता, आता प्रथमच तिला तो स्वतः आखायचा आहे. दिवाळीपर्यंत हा वेळ आपोआप कमी होईल. नाही झाला तर तिलाच विचारा की या आठवड्यात लिहिल्यापैकी काय झालं, आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या.

तुमच्या हातात असलेलं एक काम मात्र आहे. घरातल्या तारखा तिला आधी सांगत जा. पाहुणे कधी येणार, आत्याकडचं लग्न कोणत्या तारखेला, आजींना तपासायला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कधी न्यायचं, बँकेत तिची सही कधी लागणार. मुलींच्या आठवड्यातले तास बहुतेक अशाच आयत्या वेळी सांगितलेल्या कामांत जातात, आणि अभ्यास झाला नाही म्हणून बोलणीही त्यांनाच खावी लागतात. तिचं पुढच्या आठवड्याचं पान रविवारी भरत असेल तर शनिवारी रात्री जेवताना विषय काढा.